चार दिवस उभी राहिली की जुनी गाडी स्टार्ट होत नाही?

कार्बोरेटरची जुनी मारुती 800 किंवा पद्मिनी चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, आणि मेकॅनिक थेट फ्युएल पंप बदलायला सांगतो. थांबा. अनेकदा दोष जुनाट रबरी पाइपात असतो. टाकी ते पंप या भागात पेट्रोल ओढलं जातं, त्यामुळे इंजिन चालू असताना भेगेतून थेंब गळत नाही, उलट हवा आत शिरते आणि पंपापर्यंत पेट्रोल नीट पोहोचत नाही.

ही भेग पकडायची कशी?

1. टाकी आणि पंप यांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर बसवा. बाण पंपाकडे.
2. इंजिन चालू करून फिल्टरकडे पाहा. वर थोडी हवा साचलेली चालते, पण बुडबुड्यांची माळ सतत येत असेल तर हवा टाकीकडच्या बाजूने येते आहे.
3. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. क्लिपजवळ पाइप बोटांनी वाकवा. बारीक भेगा तिथेच उघडतात.
4. पाइप बदला. जुना तुकडा दुकानात घेऊन जा, म्हणजे आतला व्यास चुकणार नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी 'आर9' (R9, इंधनाच्या पाइपाचा दर्जा) छापलेला पाइप मागा, पाण्याचा पाइप अजिबात नको. क्लिपाही नव्याच घ्या.

पाइप सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काम उघड्यावरच करा, बंद गॅरेजमध्ये नाही, आणि सांडलेलं पेट्रोल पुसून पूर्ण सुकल्याशिवाय सेल्फ मारू नका.