पेका लावताय? या चुका टाळा

बटाटे तळाला करपून चिकटलेत, वरून मात्र पांढरेफटक. मांस शिजलंय, पण त्याला रंगच आलेला नाही. पेका पहिल्यांदा लावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार, आणि मग सगळे मीठ-तेलात चूक शोधत बसतात. चूक असते निखाऱ्यांत.

ओळख नसलेल्यांसाठी दोन शब्द. पेका म्हणजे घंटेसारखं फुगीर, जड लोखंडी झाकण. पूर्वी ते मातीचंही असे. क्रोएशियाच्या दाल्मातिया किनाऱ्यावर आणि बेटांवर कोकराचं किंवा वासराचं मांस, नाहीतर ऑक्टोपस, बटाट्यांसोबत पसरट भांड्यात घालतात, वर पेका ठेवतात आणि पेक्यावर निखारे रचतात. इस्त्रियात याच झाकणाला च्रिप्न्या म्हणतात. तिथल्या कोनोबात, म्हणजे घरगुती खाणावळीत, पेका हवा असेल तर बहुधा आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. विस्तवाची तयारीच तेवढी असते.

ज्वाळेवर भांडं ठेवू नका. लाकूड पेटलं की हात शिवशिवतात, पण थांबा. ज्वाळा पूर्ण विझू द्या, निखाऱ्यांवर राखेची पातळ साय धरू द्या. याला तासभर सहज लागतो. लाकूड कठीण आणि सुकं हवं. दाल्मातियात ओक, ऑलिव्ह, छाटणीतल्या द्राक्षवेली वापरतात. चीडसारखं राळेचं लाकूड नको, त्याच्या धुराचा काजळ वास अन्नाला लागतो. आपल्याकडे कुणी करून बघणार असेल तर बाभळीचे निखारे चांगले टिकतात.

खाली फुफाटा, वर निखारे. सगळ्यात जास्त स्वयंपाक याच एका गोष्टीपायी बिघडतो. चुलीची फरशी आधीच तापलेली असते. तिच्यावरचे निखारे बाजूला ओढायचे, गरम राखेचा पातळ थर तेवढा ठेवायचा आणि त्यावर भांडं. खरी धग वरून यायला हवी. लोखंड तापतं, ती धग खाली अन्नावर उतरते, आणि आत कोंडलेली वाफ मांस कोरडं पडू देत नाही. गोव्यात जुन्या पद्धतीनं बेबिंका करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, तिचा प्रत्येक थर वरच्या निखाऱ्यांवरच भाजतो. तळ करपत असेल तर खालचे निखारे काढा, वरचे वाढवा. पेक्याच्या कडेलाही गरम राख सारा, म्हणजे फटीतून वाफ निसटणार नाही.

एकाच शेकोटीवर भरवसा ठेवू नका. झाकणावरचे निखारे हळूहळू मंदावतात. मांसाला दीड ते दोन तास लागतात, त्यामुळे शेजारी दुसरा विस्तव सतत पेटता हवा. तो नसेल तर अर्ध्या वाटेवर धग पडते आणि मांस चिवट राहतं. मग वेळ कितीही वाढवा, तो रंग येत नाही.

सारखं उघडून बघू नका. एकदाच, साधारण पाऊण-एक तासानं उघडायचं: मांस उलटायचं, पांढऱ्या वाइनचा एक पेला ओतायचा, पुन्हा झाकायचं. उघडण्याआधी वरचे निखारे आणि राख बाजूला सारा, कडा झाडून घ्या आणि पेका आकड्यानं सरळ वर उचला. मी एकदा घाईत तो तिरका केला आणि ओंजळभर राख थेट कोकराच्या रश्शात गेली. चार माणसांचं जेवण होतं. त्यातलं वरचं मांस धुऊन वाचलं, रस्सा फेकावा लागला. त्या दिवसापासून आधी केरसुणी, मग आकडा.

आता ऑक्टोपस, कारण त्यात चुकायच्या जागा जास्त. ताजा आणून तसाच घातला तर रबरासारखा लागतो. पूर्वी कोळी त्याला दगडावर आपटून मऊ करत. आता तो आधी गोठवतात आणि मग पूर्ण वितळू देतात, गोठताना तंतू मोडतात. मीठ सुरुवातीला घालू नका, त्याच्या अंगातच समुद्राचं मीठ असतं. आणि पाणी तर थेंबभरही नको. तासाभरानं झाकण उचलाल तेव्हा दिसेल: ऑक्टोपस आकसून निम्मा झालाय, भांड्यात जांभळट-तपकिरी रस उकळतोय आणि बटाट्यांच्या कडा त्यात रंगल्यात. रस फार वाटला तरी ओतून देऊ नका. झाकण परत ठेवा, वर ताजे निखारे घाला, शेवटच्या वीस मिनिटांत तो आटून बटाट्यांत मुरतो. तेव्हा चव घ्या आणि मग मिठाचं ठरवा.

बटाटे मोठे, एकसारखे चिरा. बारीक फोडींचा लगदा होतो.

पेक्याखाली पावही भाजतात, तापलेली फरशी स्वच्छ झाडून गोळा थेट तिच्यावर ठेवून. आधी चिमूटभर पीठ टाकून बघा. लगेच काळं पडलं तर फरशी अजून फार तापलेली आहे, थोडं थांबा.

शिजल्यावर निखारे काढले तरी पेका दहा मिनिटं तसाच राहू दे. मांसाचा रस स्थिरावतो, आणि वाढताना पहिली वाफ तोंडावर येत नाही.