किमान वेतन पूर्ण मिळतंय का, हे असं तपासा

महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे मूळ वेतन अधिक विशेष भत्ता. भत्ता महागाई निर्देशांकानुसार 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून बदलतो. चूक बहुधा इथेच होते, मालक जुनाच दर चालू ठेवतो. म्हणून आपला उद्योग, परिमंडळ (तुमचं कामाचं ठिकाण ज्या भागाच्या गटात येतं तो) आणि कुशल, अर्धकुशल की अकुशल हे पाहून कामगार आयुक्तालयाचा चालू दर काढा.

मूळ वेतन आणि विशेष भत्त्याच्या बेरजेला 26 ने, म्हणजे महिन्यातल्या कामाच्या दिवसांनी, भागा. समजा बेरीज 13,000 रुपये आली, तर रोज 500, आठ तासांच्या हिशेबाने तासाला 62.50. जादा काम दुप्पट दराने, म्हणजे तासाला 125.

पगारचिठ्ठीत भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून कापलेला नाही ना, तेही बघा. ही उघड लूट आहे! कोऱ्या पावतीवर सही करू नका. हजेरीची नोंद स्वतःच्या वहीत रोज ठेवा. तक्रारीत तीच उपयोगी पडते.