पुरात बुडालेल्या उसाचे डोळे काढू नका

पुराचं पाणी ओसरलं की नदीकाठच्या गावांत दरवर्षी एकच हिशेब सुरू होतो. बुडालेला ऊस कारखान्याला जायचा तेव्हा जाईल, तोवर त्यातला बरा दिसणारा तोडू, डोळे (पेऱ्यावरचे कोंब) काढू, रोपांच्या ट्रेमध्ये घालू आणि दसरा झाला की लावण उरकू. भोगावती, कासारी, कुंभी, वारणा, कुठल्याही काठाला जा, कट्ट्यावर हीच चर्चा. बेणं (लावणीसाठीचा ऊस) घरचं आहे, वाहतूक नाही, पैसे वाचतात. वाचलेले पैसे पुढच्या पावसाळ्यात दिसतात, काणी या बुरशीरोगाच्या काळ्या चाबकांत आणि पातळ फडात.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याला पाठ आहे. नदीकाठची सखल मळीची जमीन मात्र त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर करवीर, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात बेण्याची ओढाताण झाली आणि हाताला लागेल ते बेणं लोकांनी लावलं. लावणीला दोष कुणी देत नाही. दोष बेण्यालाच होता, आणि तो लावणीआधी दिसत होता, बघितला असता तर.

बुडालेल्या उसात काय होतं ते पहा. वाड्यापर्यंत (शेंड्याच्या पाल्यापर्यंत) पाणी चढून चार-सहा दिवस राहिलं की शेंडा कुजतो, पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) गाळ बसतो. शेंडा गेला की बाजूचे डोळे जागे होतात आणि उभ्या उसाला पांगशा फुटतात. पेऱ्यापेऱ्यावर पांढऱ्या-लालसर मुळ्या सुटतात. वरून ऊस हिरवा दिसतो म्हणून आपण फसतो. जो डोळा एकदा उसावरच फुगला, त्याला ट्रेमध्ये पुन्हा फुटायला जोर राहत नाही. जो गाळात दबला, तो आतून तपकिरी होऊन बसलेला असतो. उगवण निम्म्यावर येते आणि मग रोपवाटिकेला शिव्या घालत बसायचं.

फडात जाऊन एवढं करा. वेगवेगळ्या जागचे दहा-बारा ऊस बुडातून तोडा आणि कोयत्यानं उभे चिरा. आतला गर पांढरट, रसरशीत असला तर पुढं बघू. गर लाल आणि त्या लालीत आडवे पांढरे पट्टे दिसले, नाकाला आंबूस दारूसारखा वास आला, तर ती लाल कूज. गर मळकट जांभळट आणि पेऱ्यात नावेसारख्या पोकळ्या असतील तर तो मर रोग. यातला एक जरी ऊस निघाला तर त्या फडातलं एक टिपरंही बेण्याला घेऊ नका. निवडून घेतो, बरे बरे काढतो, असलं काही चालत नाही. बुरशी आत असते, बाहेरून डोळा चकचकीत दिसतो. वास घ्यायला विसरू नका; रंग बघून चुकलेली माणसं वासावरून सावरलेली मी पाहिली आहेत.

बुडाला नसला तरी खोडव्याचं (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा वाढलेल्या उसाचं), निडव्याचं (खोडव्याच्याही नंतरच्या पिकाचं) बेणं नको. याच्यावर आपल्याकडं सगळ्यात जास्त वाद होतो. ‘आमच्या आबांनी आयुष्यभर खोडव्याचंच लावलं,’ असं सांगणारा प्रत्येक गावात भेटतो. आबांच्या काळात जात वेगळी होती. आज आपल्या जिल्ह्यात को ८६०३२ जातीचा ऊस इतक्या वर्षांपासून लागण-खोडवा, लागण-खोडवा (नवी लावण, मग तिचा खोडवा) असा फिरतोय की काणी आणि गवताळ वाढ हे रोग बेण्यातूनच पुढं जातात. गवताळ वाढीचं बेट तुम्ही पाहिलं असेलच: बारीक, पांढुरके, गवतासारखे असंख्य फुटवे आणि त्यात एकही गाळपायोग्य ऊस नाही. त्याला फवारणी नाही. दुकानदार बाटली देईल, पण त्या रोगाला कुठलीच बाटली लागू पडत नाही. बेण्यात रोखला तर रोखला.

मग बेणं कुठलं? माळावरच्या, पाणी न चढलेल्या लागणीचं, नऊ ते अकरा महिने वयाचं, आणि शक्यतो खास राखलेल्या बेणेमळ्यातलं. दर तीन वर्षांनी बेणं बदलायची शिफारस आहे. मूलभूत बेणं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथून येतं, त्यावरून कारखाने पायाभूत मळे करतात. तुमच्या कारखान्याच्या शेती गटात जाऊन चौकशी आत्ताच करा. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया दिलेली असते, गवताळ वाढीवर खरा उतारा तोच. घरी तो करता येत नाही, गरम पाण्याच्या बादलीत डोळे बुडवून तर नाहीच. गुऱ्हाळासाठी लावणाऱ्यांनी को ९२००५ चं बेणं बघावं, कोल्हापूरच्याच केंद्राची ती जात आहे आणि गूळ चांगला उतरतो.

आत्ताच म्हणतोय त्याला कारण आहे. पूर्वहंगामी लावण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. रोप तयार व्हायला पाच-सहा आठवडे धरा. म्हणजे दसरा-दिवाळीच्या हिशेबानं डोळा सप्टेंबरच्या शेवटी, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये गेला पाहिजे, आणि बेण्याचा फड त्याच्याआधी बघून ठेवला पाहिजे. उशीर झाला की थंडी येते, रोप नुसतं उभं राहतं, फुटवा धरत नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर लावलेला आणि ऑक्टोबरच्या शेवटी लावलेला ऊस मार्चमध्ये शेजारी उभे करून बघा, सांगावं लागत नाही.

साडेचार फुटी सरी आणि दोन फुटांवर रोप धरलं तर एकराला ४८४० रोपं लागतात. तूट-फूट धरून ५३०० डोळे काढा. एका उसाचे दहा चांगले डोळे धरले तर हे जेमतेम पाचशे तीस ऊस. एवढे ऊस पारखून घ्यायला दोन माणसांची एक सकाळ पुरते. त्या एका सकाळीचा कंटाळा करणारा माणूस पुढं वर्षभर खताच्या पोत्यांत पैसे ओततो.

डोळे काढताना वरचा दोन-तृतीयांश ऊस घ्या, बुडखा कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला. बुडाचे डोळे जून असतात, उशिरा फुटतात. तोडणीच्या चार-पाच दिवस आधी बेण्याच्या फडाला पाणी दिलं तर डोळा टवटवीत येतो, असा माझा अनुभव आहे. पुस्तकात कुठं असेल-नसेल. पाला हातानं सोला, कोयत्यानं सोलताना डोळ्यांचे नाक उडतात. डोळे काढायच्या यंत्राचं पातं एका फडातून दुसऱ्या फडात जाताना जाळावर धरा. कापणाऱ्या पात्यावरूनही रोग चालत जातो, आणि ही गोष्ट भाड्यानं यंत्र फिरवणारा कधी सांगत नाही.

बेणेप्रक्रिया, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे:

- १०० लिटर पाण्यात कार्बेन्डाझिम १०० ग्रॅम + डायमेथोएट किंवा मॅलॅथिऑन ३०० मिली. डोळे १० ते १५ मिनिटं बुडवा
- काढून सावलीत सुकवा
- मग दुसऱ्या १०० लिटर पाण्यात ॲसेटोबॅक्टर (नत्र पुरवणारे जिवाणू) १० किलो + स्फुरद विरघळवणारे जिवाणू सव्वा किलो, ३० मिनिटं
- दोन्ही एकत्र करू नका, जिवाणू मरतात
- हातमोजे घाला. प्रक्रिया केलेले उरलेले डोळे जनावरांपुढं टाकू नका

सगळं मिळून एकराचा खर्च फार नाही. पण हल्ली याच जागी ‘ऊस स्पेशल किट’ म्हणून खोकं पुढं केलं जातं: ह्युमिक, समुद्री शेवाळ, टॉनिक, रंगीत पुस्तिका. आमच्या भागात एका विक्रेत्यानं तर पुराच्या बेण्याला हे किट लावा, उगवण शंभर टक्के, असं सांगून पट्ट्याच्या पट्ट्यात खपवलं. कुजलेल्या डोळ्याला टॉनिक पाजून फूट येत नाही. ज्यांच्याकडं पैसे जास्त आहेत त्यांनी ते शेणखतात घालावेत.

रोपं विकत घेणार असाल तर रोपवाटिकेत हिरवेगार ट्रे बघून भुलू नका. युरियाच्या दोन फवारण्यांत कुठलंही रोप आठवड्यात हिरवं होतं. पहिला प्रश्न हाच: बेणं कुठल्या फडातलं? फड दाखवा म्हणा. दाखवायला टाळाटाळ केली तर घरचा रस्ता धरा. बिलावर जात आणि डोळे घातल्याची तारीख लिहून घ्या. दीड महिन्यापेक्षा जुनं, मुळ्यांचा गोळा कपाला वेटोळे घालून बसलेलं रोप रानात गेल्यावर रुसतं. ट्रेमधून एक रोप उपसून बघा: मुळ्या पांढऱ्या असाव्यात आणि कोकोपीट मुठीत धरून राहावं. आणि जात विचारून घ्या. फुले २६५ म्हणून दुसरंच काही माथी मारल्याच्या तक्रारी गावोगाव आहेत.

घरी ट्रे भरणाऱ्यांसाठी थोडक्यात:

- कोकोपीट + चाळलेलं गांडूळखत
- डोळा वर, थोडा तिरपा. वरून कोकोपीटचा पातळ थर
- भरलेले ट्रे एकावर एक, प्लास्टिकनं झाकून, कोंब दिसेपर्यंत
- मग शेडनेटमध्ये. पाणी झारीनं किंवा फॉगरनं
- शेवटचा आठवडा उन्हात, पाणी कमी

झाकलेला ढीग मात्र रोज उघडून बघा. आत वाफ कोंडली आणि पाणी साचलं की डोळे एका रात्रीत बुळबुळीत होतात.

यंदाही हस्ताचा पाऊस झोडपेल असं धरूनच चाला. चित्रा-स्वातीपर्यंत परतीचा पाऊस कधीही येतो आणि ट्रे उघड्यावर असले की कोकोपीट वाहून डोळे उघडे पडतात. शेडनेट पाऊस अडवत नाही. वर प्लास्टिकची सोय हवी. आणि रानात वाफसा नसताना, मजूर मिळालेत म्हणून चिखलात रोपं खुपसू नका. मळीच्या काळ्या रानात तर पाय रुतत असेल तोवर थांबाच. शिरोळच्या क्षारपड रानात आधी चर काढा, पाणी काढून द्या, मग लावणीचं बोला.

लावणीची बाकी कामं सगळ्यांना ठाऊक आहेत:

- शेणखत किंवा ताग-धैंचा गाडलेलं रान
- हेक्टरी ३४० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश; माती परीक्षणानुसार कमी-जास्त
- लावणीला नत्र १० टक्के, स्फुरद-पालाश निम्मं
- सहा ते आठ आठवड्यांनी नत्र ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के
- मोठ्या भरणीला (उसाच्या बुडाला माती चढवताना) उरलेलं सगळं
- लावल्यावर लगेच हलकं पाणी. दहा-बारा दिवसांत नांग्या (रोप न जगलेल्या मोकळ्या जागा) भरा
- आंतरपीक घेणार असाल तर हरभरा, कांदा, कोबी

नांग्या भरायला शंभर-दोनशे रोपं त्याच ट्रेमधली राखा. शेजाऱ्याच्या उरलेल्या रोपांनी नांग्या भरल्या की चांगल्या बेण्यात त्याच्या फडाचा रोग आपण हातानं नेऊन ठेवतो.

पुढं दोन महिन्यांनी आणि नंतर बाळबांधणीच्या (मातीच्या पहिल्या हलक्या भरीच्या) वेळी सरीसरीतून एकदा सावकाश फिरा. गवताळ वाढीचं बेट दिसलं की खणून काढा. काणीचा चाबूक दिसला तर आधी त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी घालून तोंड बांधा, मग बेट मुळासकट उपटा आणि शेताबाहेर नेऊन जाळा. नुसता ओढून बांधावर फेकलात तर काळी भुकटी तिथंच उडते. त्या जागेला राखलेलं रोप लावा, आणि शेजारच्या फडात चाबूक दिसत असेल तर त्यालाही फोन करा, वारा काही बांध बघून वाहत नाही.