अनेक विषयांचे प्रगतिपत्रक संगणकावर तयार करताना

प्रगतिपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटचे बटण दाबले की साऱ्या वर्गाची पत्रके तयार होतात खरी, परंतु ती बरोबर असतील की नाही हे पहिला गुण भरण्याआधी केलेल्या मांडणीवरच ठरते. म्हणून हाताशी वेळ कमी असेल तर तो सजावटीतून वाचवावा, मांडणीतून नव्हे.

आरंभ विद्यार्थ्यांच्या यादीपासून करावा. सर्व विषयशिक्षकांनी एकच मूळ यादी वापरावी आणि गुणांची सांगड नावाशी न घालता कायम नोंदणी क्रमांकाशी घालावी, कारण एकाच मुलाचे नाव एक शिक्षक ‘सुमित’ लिहितो तर दुसरा ‘सुमीत’, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी मुले ठरतात. यादी सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) भरायची असल्यास ती यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी संकेतपद्धती) प्रकारात जतन करावी, नाहीतर देवनागरी अक्षरांची मोडतोड होऊ शकते. अशी फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास ‘००७’ सारख्या क्रमांकातील आधीची शून्येही गळून पडतात. तो स्तंभ मजकूर म्हणून आयात करावा.

त्यानंतर प्रत्येक विषयाचे घटक, त्यांचे कमाल गुण आणि भारांश, म्हणजे अंतिम निकालातील त्या घटकाचा टक्केवारीतील वाटा, नोंदवावे. कमाल गुण आणि भारांश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, एका विषयात ८० गुणांच्या लेखी परीक्षेला ६० टक्के, २० गुणांच्या चाचणीला २० टक्के आणि १० गुणांच्या प्रकल्पाला २० टक्के भारांश आहे. विद्यार्थ्याला अनुक्रमे ५६, १५ आणि ८ गुण मिळाले, तर भारांशाने त्याचे ४२, १५ आणि १६ मिळून ७३ टक्के होतात. तेच गुण नुसते बेरजेने घेतले तर ११० पैकी ७९, म्हणजे ७१.८ टक्के. शाळेच्या नियमाप्रमाणे यांपैकी कोणती पद्धत लागू आहे हे ठरवून सॉफ्टवेअरमध्ये तीच निवडावी.

सर्वाधिक घोळ होतो तो गैरहजेरीच्या नोंदीत. रिकामा रकाना, शून्य, गैरहजर आणि सवलत या चार नोंदींचे अर्थ निराळे आहेत आणि काही प्रणाली रिकाम्या रकान्याला मुकाट्याने शून्य मानतात. वरच्या उदाहरणातील विद्यार्थी आजारपणामुळे चाचणीला नसेल आणि त्याच्या नावापुढे शून्य पडले तर त्याचे ५८ टक्के होतात. तो घटक वगळला तर उरलेल्या ८० टक्के भारांशापैकी ५८, म्हणजे ७२.५ टक्के. ऐच्छिक विषयांचेही तसेच आहे: जो विषय विद्यार्थ्याने घेतलेलाच नाही, तो त्याच्या सरासरीत येता कामा नये.

श्रेणींच्या सीमा लिहिताना ‘६० ते ७९’ आणि ‘८० ते १००’ अशी विभागणी केली, तर ७९.५ ला जागाच उरत नाही. त्यामुळे प्रत्येक श्रेणीची केवळ खालची सीमा द्यावी. गुणांचे पूर्णांकन कोणत्या टप्प्यावर करायचे हेही आधीच ठरवावे. तीन विषयांचे गुण ६४.५, ७१.५ आणि ७९.५ असतील, तर पत्रकावर ६५, ७२ आणि ८० छापले जातील, ज्यांची बेरीज २१७ येते. मूळ गुणांची बेरीज मात्र २१५.५, म्हणजे पूर्णांकात २१६. एकूण गुण छापलेल्या आकड्यांवरूनच काढावेत असे माझे मत आहे, कारण पालक ते घरी बेरीज करूनच पाहतात.

सगळा वर्ग भरण्यापूर्वी चाचणीसाठी काही काल्पनिक विद्यार्थी तयार करावेत: एक सर्वत्र पूर्ण गुणांचा, एक गैरहजर, एक ऐच्छिक विषयाचा आणि एक नेमका श्रेणीच्या सीमेवरचा. त्यांचे निकाल हाताने काढून ताडून पाहावेत. खरे गुण भरताना प्रत्येक शिक्षकाला केवळ आपल्या विषयाचा रकाना बदलता यावा आणि मुदत संपताच नोंदी कुलूपबंद व्हाव्यात.

साच्यात सर्वांत लांब नाव आणि सर्वांत मोठा शेरा बसतो का, हे पीडीएफमध्ये पाहून मगच छपाई करावी. वाटपानंतर चूक आढळल्यास छापील कागदावर खाडाखोड न करता मूळ नोंद दुरुस्त करावी आणि नव्या तारखेचे पत्रक द्यावे.