परदेशात जुनी अटक, केस अर्धवट सोडून आलेलो : पुन्हा अमेरिकेला जायच्या आधी काय काय करायचं

मागच्या श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी आम्ही सगळे चोपड्याला जमलो होतो, जेवणं झाल्यावर भाचा मला ओट्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, मामा, एक गोष्ट घरात कोणालाच सांगितलेली नाहीये. तिकडे एमएस करत असताना एका मोठ्या दुकानात सेल्फ चेकआउटवर एक हेडफोन स्कॅन न होताच पिशवीत गेला होता, दुकानवाल्यांनी पोलीस बोलावले, एक रात्र काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, जेलमध्ये काढली, बोटांचे ठसे, फोटो, सगळं झालं, रूममेटने पैसे भरून सोडवलं आणि कोर्टाची तारीख मिळाली. तारखेच्या आधीच इकडे वडिलांना अ‍ॅटॅक आला, हा पहिल्या विमानाने घरी आला तो परत गेलाच नाही. आता कंपनी पाठवतेय तर व्हिसाचा फॉर्म उघडून बसलाय आणि हात थरथरताहेत. "मामा, आते काय करू?"

तेव्हापासून सात-आठ महिने आम्ही दोघं या केसच्या मागे होतो, त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण खान्देशातली किती पोरं तिकडे शिकून आलीयेत आणि असलं काही झालं तर लाजेने कोणी बोलत नाही.

आधी मनातून एक समज काढून टाका, की दहा वर्षं झाली म्हणजे केस आपोआप मिटली. केस कोर्टात दाखल झालेली असेल आणि तुम्ही तारखेला गेला नाहीत, तर जज वॉरंट काढतो, त्याला तिकडे बेंच वॉरंट म्हणतात, आणि ते रद्द होईपर्यंत तसंच जिवंत राहतं. भरलेला बॉण्ड, म्हणजे जामिनाचे पैसे, तेही जप्त होतात. आणि ठसे एकदा जेलमध्ये घेतले की ते एफबीआयकडे, म्हणजे तिकडच्या केंद्रीय तपास संस्थेकडे, जातात, तुम्ही व्हिसासाठी मुंबईत बायोमेट्रिक द्याल तेव्हा दहाही बोटांचे ठसे परत घेतात आणि मेळ बसतो. म्हणजे पासपोर्ट नवा असला, आडनावाचं स्पेलिंग बदललं असलं तरी फरक पडत नाही.

पहिलं काम, कागद शोधा. अटक झाल्यावर दिलेली पावती, बॉण्डची रिसीट, कोर्टाच्या तारखेची चिठ्ठी, काहीही. भाच्याची चिठ्ठी त्याच्या जुन्या बॅगेत, डिग्रीच्या फाइलमध्ये घडी करून ठेवलेली सापडली, पिवळी कार्बन कॉपी, शाई इतकी उडालेली की केस नंबरचे शेवटचे दोन आकडे मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचावे लागले. तुम्हाला हवंय ते इतकंच : कुठली काउंटी, कुठल्या पोलिसांनी पकडलं, कोणती तारीख, केस नंबर. नंबर नसला तरी नाव आणि जन्मतारखेवर शोधता येतं, फक्त नाव तिकडे उलटं लिहिलेलं असतं किंवा वडिलांचं नाव आडनाव म्हणून गेलेलं असतं, तेव्हा सगळ्या पद्धतीने टाकून बघा.

मग त्या काउंटीच्या कोर्टाची वेबसाइट उघडा. बऱ्याच ठिकाणी केस सर्च फुकट असतो, आणि तिथे एका ओळीत कळतं की केस चालू आहे, बंद झाली की वॉरंट निघालंय. ऑनलाइन दिसलं नाही तर कोर्टाच्या क्लार्कला फोन करायचा. पूर्व किनाऱ्यापेक्षा आपलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतं, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातपर्यंत तिकडचं ऑफिस उघडलेलं असतं, कॅलिफोर्नियाकडचं असेल तर रात्री दहा धरा. क्लार्क तुम्हाला काय करा ते सांगणार नाही, तो सल्ला देत नाही, पण केसची स्थिती सांगतो आणि सर्टिफाइड कॉपी कशी मागवायची तेही सांगतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पोलिसांनी अटक करणं वेगळं, सरकारी वकिलाने आरोप दाखल करणं वेगळं आणि कोर्टाचा निकाल वेगळा. कधी कधी पोलीस पकडतात पण सरकारी वकील केस दाखलच करत नाही, आणि माणूस दहा वर्षं उगाच जीव जाळत बसतो. असं असेल तर रेकॉर्ड नाही किंवा आरोप दाखल केले नाहीत असं लेखी पत्र मागून घ्या.

सोबत एफबीआयकडून तुमचा स्वतःचा रेकॉर्डही मागवा. फी १८ डॉलर, ठशांचं कार्ड पोस्टाने पाठवता येतं, भारतात बसूनही होतं. त्यात बऱ्याचदा अटक दिसते आणि पुढे काय झालं ती जागा रिकामी असते, कारण कोर्टाने कळवलेलंच नसतं. व्हिसा ऑफिसरलाही तीच रिकामी जागा दिसू शकते, आणि ती भरणारा कागद तुम्हीच आणायचा असतो.

वॉरंट निघालं तर घाबरून फाइल बंद करू नका. त्याच काउंटीत काम करणारा फौजदारी वकील धरा, दुसऱ्या राज्यातला नातेवाइकाच्या ओळखीचा नको, त्याला तिथले जज आणि सरकारी वकील माहीत नसतात. छोट्या गुन्ह्यात अनेक राज्यांत वकील तुमच्याऐवजी उभा राहू शकतो, वॉरंट मागे घ्यायचा अर्ज करू शकतो, तुम्ही जळगावला बसून असलात तरी. आमचं असंच झालं, वकिलाने आधी वॉरंट उठवलं, मग वडिलांच्या हॉस्पिटलची कागदपत्रं आणि विमानाचं तिकीट दाखवलं, आणि सरकारी वकिलाने केस मागे घेतली. दरवेळी इतकं सरळ होईलच असं नाही.

आणि या टप्प्यावर सगळ्यात जास्त लोक फसतात. वकील म्हणेल, गुन्हा कबूल करून टाक, छोटा दंड भर, सहा महिन्यांनी रेकॉर्डवरून निघून जाईल. तिकडच्या नागरिकाला ते चालतं, आपल्याला नाही. गुन्हा कबूल केला आणि जजने काही अट किंवा दंड लावला तर इमिग्रेशन कायद्याच्या नजरेत ती शिक्षाच, मग राज्याने नंतर केस पुसून टाकली तरी. म्हणून कबुलीवर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडून लेखी मत घ्या. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जायचा धोका असेल तर बचावाच्या वकिलाने परदेशी माणसाला तो सांगायलाच हवा, तेव्हा विचारायला लाजू नका. किरकोळ चोरीला एक सूट आहे : आयुष्यात असा एकच गुन्हा, त्याला कायद्यात जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आणि प्रत्यक्ष दिलेली सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, तर फक्त त्यामुळे प्रवेश अडत नाही. पण तुमची केस त्यात बसते का हे वकिलानेच बघायचं.

आता फॉर्म. व्हिसाच्या डीएस-१६० या फॉर्ममध्ये सरळ विचारतात, कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का, नंतर माफी मिळाली असली तरी. अटक झाली असेल तर उत्तर हो. केस रद्द झाली, पुसली गेली, तरी हो. आमच्याकडच्या एका एजंटने भाच्याचा फॉर्म भरताना सगळ्या प्रश्नांना नो, नो करत खालपर्यंत नेलं होतं, म्हणे त्यात काय, जुनं कोण बघतंय. सबमिट तेवढं राहिलं होतं, मी हात धरला. मला अजूनही त्या माणसाचा राग येतो, कारण हेडफोनची केस मिटवता येते पण फॉर्मवर खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर कायमची बंदी लागू शकते आणि ती उठवायला वेगळी माफी मागत फिरावं लागतं. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी जबाबदारी तुमचीच. स्पष्टीकरणाच्या चौकटीत तारीख, जागा, आरोप आणि निकाल इतकंच लिहा, माझं चुकलं, मी चोरी केली असली कबुली वकिलाला न दाखवता लिहू नका, कारण शिक्षा झालेली नसली तरी कबुलीचाही अर्थ लावला जाऊ शकतो.

दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असेल तर थोडं वेगळं आहे, मागच्या पाच वर्षांतली असेल तर व्हिसा असतानाही तो रद्द होऊ शकतो आणि नव्याने मागताना कॉन्सुलेटने ठरवलेल्या डॉक्टरकडे तपासणी लागते. जुना दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर दिसतोय म्हणून तिकीट काढणाऱ्यांनी हे खास वाचा, कारण रद्द झाल्याचा मेल येतो तो जुन्या पत्त्यावर, पोरांनी फॉर्ममध्ये कॉलेजचा ईमेल टाकलेला असतो आणि तो कधीचा बंद झालेला असतो.

इंटरव्ह्यूला मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटला जाताना भुसावळहून रात्रीची गाडी धरणार असाल तर एक दिवस आधीच निघा. कागद : निकालाची सर्टिफाइड कॉपी, अटकेचा रिपोर्ट, वॉरंट उठवल्याचा आदेश, वकिलाचं पत्र. ऑफिसर बहुतेक वेळा लगेच हो म्हणत नाही, २२१(जी) ची चिठ्ठी देतो, म्हणजे तपासणी बाकी आहे. त्याला कायमचा नकार समजून रडू नका, पण तोवर तिकीटही काढू नका.

व्हिसा मिळाला तरी विमानतळावरचा अधिकारी परत विचारू शकतो, बाजूच्या खोलीत नेतात, तिथे तास-दोन तास जाऊ शकतात, पुढचं विमान तेवढं अंतर ठेवून घ्या. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, अडवलं तर तिथूनच परत. वॉरंट जिवंत ठेवून गेलात तर स्थानिक पोलिसांच्या ताब्यातही देऊ शकतात. म्हणून कोर्टाचा कागद चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत पासपोर्टबरोबर ठेवा, झेरॉक्स नको, मूळ सर्टिफाइड प्रत. भाच्याच्या प्रतीवर उठावाचा शिक्का आहे, अंगठा फिरवला की खडबडीत लागतो.

घरच्यांचा एक प्रश्न नेहमी असतो, भारतातला पासपोर्ट अडकेल का? पासपोर्ट कायद्यात प्रलंबित केसचा जो मुद्दा आहे तो भारतातल्या फौजदारी कोर्टातल्या केसचा, तेव्हा फक्त तिकडच्या जुन्या केसवरून इकडचा पासपोर्ट थांबत नाही.

सर्टिफाइड कॉपी एकदम तीन-चार मागवून ठेवा, जुनी रेकॉर्ड्स काही कोर्टं काही वर्षांनी नष्ट करतात आणि पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तोच प्रश्न येणार, तेच हो लिहायचं, तोच कागद जोडायचा. भाच्याच्या दोन प्रती त्याच्याकडे आहेत, एक माझ्या कपाटात शेतीच्या सातबाऱ्यांबरोबर, आणि चौथी त्याने या दिवाळीत वडिलांना वाचायला दिली.