जुन्या डिझेल जीपवर खर्च करताय? या चुका टाळा

दर पावसाळ्याच्या तोंडावर असा एक तरी फोन येतो. ‘काका, महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप घेतली. टायर कुठले टाकू?’ मी विचारतो, ब्रेक कसे आहेत? शांतता. स्टिअरिंगला प्ले किती? रेडिएटर शेवटचा कधी साफ झाला? पुन्हा शांतता. मग, ‘ते बघू नंतर. टायर सांगा ना.’

बरं, टायर. २३५/७५ आर १५ टायरची उंची २९ इंचांना किंचित कमी भरते. तिथं ३३ इंची घातले की सगळे गिअर एका फटक्यात १४ टक्क्यांनी लांब होतात. या जीपमधलं प्यूजोचं जुनं एक्सडीपी इंजिन २११२ सीसीचं, टर्बो नाही, ताकद बेताची. सेकंडला चढायची ती चढण आता फर्स्ट मागते, क्लचप्लेटचा वास सुटतो आणि उतारावर ड्रम ब्रेक रडवतात. मीटरवर साठ दिसत असताना तुम्ही अडुसष्टनं चाललेले असता. गाडीत बदल करण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ चा आणि पासिंगचा ताप वेगळाच. माझ्या जीपला आजही २३५ आहेत. चिखल आला की हवा १८ पीएसआयवर आणतो, डांबर लागलं की पंप काढून पुन्हा भरतो. या पंधरा मिनिटांचाच नव्या पोरांना कंटाळा.

मोठ्या टायरनं पिकअप गेला की पुढचा शहाणपणा म्हणजे इंजिनाच्या डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून ‘डिझेल वाढवून’ घेणं. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग ते जळणार कशानं? मागं काळा धूर, पुढं टेम्परेचर, आणि एखाद्या घाटात हेड गॅस्केट उडतं. त्याऐवजी एअर फिल्टर साफ करा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावून घ्या, डिझेल फवारणारे नोझल काढून तपासायला द्या. निम्म्या गाड्यांचा पिकअप एवढ्यावरच परत येतो.

आता पाणी. ‘डिझेलला पाणी चालतं, त्यात स्पार्क प्लग कुठंय?’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ताम्हिणीच्या अलीकडं, जुलैत, एका ओढ्यावर आम्ही चार गाड्या उभ्या होतो. पाणी मांडीपर्यंत, गढूळ. मी काठी घेऊन आत उतरून तळ चाचपत होतो. गावातले एक आजोबा म्हणाले, ‘थांबा अर्धा तास, वरचा पाऊस थांबलाय, उतरल.’ आमच्यातल्या एकाला थांबायचं नव्हतं. नवीन स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारा पाइप) लावलेला, समोरच्या काठावर मित्र मोबाइल धरून उभा. गाडी थर्डला टाकून त्यानं उडी घेतली. पाण्याची भिंत बॉनेटवर आली, जीप मधोमध येऊन ‘धप्’ करून बंद. मी ओरडलो, ‘सेल्फ मारू नको!’ त्यानं मारला. एकच ‘टक्क’ आवाज आला.

हिशेब सोपा आहे. एका सिलिंडरमध्ये ५२८ सीसी हवा दाबून साधारण २५ सीसीच्या जागेत बसवायची, तेव्हा या इंजिनात डिझेल पेटतं. म्हणजे चहाचे पाच चमचे. त्याहून जास्त पाणी आत गेलं तर पिस्टनला वर जायला जागाच नाही, कारण पाणी दबत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. ओढ्यात बंद पडलेल्या त्या जीपचं इंजिन उघडल्यावर रॉड हातात सरळच वाटत होता. काचेवर ठेवला तेव्हा कळलं, डुगडुगत होता. आणि पाणी गेलं कुठून? स्नॉर्कलचा पाइप टपापर्यंत उंच, पण बॉनेटखाली फिल्टरच्या तोंडाला रबरी होजची क्लिप बोटानं फिरत होती. बसवणाऱ्यानं ती आवळलीच नव्हती, आणि यानं बॉनेट उघडून पाहिलं नव्हतं.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर चावी काढून खिशात टाका. गाडी ओढून बाहेर घ्या, चारही ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना तापणारे प्लग) काढा आणि मगच सेल्फ मारा; पाणी भोकांतून उडून जाईल. समोर तोंड घालून उभे राहू नका. ऑइल बदला. आणि ओढ्यात शिरायचं ते लो-फोर (चारही चाकं, हळू पण जोराचा गिअर), एकच गिअर, चालत्या माणसाच्या वेगानं.

बाकीचं थोडक्यात. पुढच्या चाकांचे हब लॉक न करताच ‘फोर बाय फोर चालत नाही’ म्हणून गिअरबॉक्स उघडू नका. डांबरावर फोर-व्हील ठेवू नका. फोर-व्हीलचा लिव्हर अडकलाच तर थोडं रिव्हर्स घ्या. गाडी ओढायचा दोर बंपरला किंवा पाट्याच्या शॅकलला नाही, चॅसिसच्या हुकालाच. पाण्यातून बाहेर आलात की हलका ब्रेक दाबत थोडं चला, लायनर सुकू द्या.

राहिला डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा. त्याचं तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. ब्रीदरला (हाउसिंगच्या हवेच्या भोकाला) नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत नेली की हा प्रश्न बहुतेक मिटतो. खर्च एका जेवणाएवढा. तरी घरी आल्यावर मी गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवतो आणि सकाळी ड्रेन प्लग जरासा सैल करतो. पाणी जड, ते आधी येतं. दोन थेंब काळ्या तेलाचे आले की प्लग आवळून चहाला बसतो. दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं काही आलं, तर त्या दिवशीची सुट्टी हाउसिंगखालीच जाते.