जोड्या जुळण्याची संभाव्यता : या चुका टाळा

इंदूरला रामबागेत आमच्याकडे गणपतीत एक खेळ ठरलेला. पाच जोडपी, स्टीलचे दोन डबे; एकात काकांच्या नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात काकूंच्या. दोन्हींतून एकेक काढायची. जोडी जुळली की दोघांनी उखाणा घ्यायचा. शिकवणीच्या मुलांना मी विचारलं, जुळण्याची संभाव्यता किती? (शाळेच्या हिंदी पुस्तकात तिला प्रायिकता म्हणतात, त्यामुळे आमच्या मुलांना दोन्ही शब्द पाठ.)

बहुतेकांनी १/५ गुणिले १/५ केलं आणि १/२५ सांगून मोकळे झाले. ही संभाव्यता आहे, पण जोशीकाका आणि जोशीकाकूच निघण्याची. आपल्याला कुठलीही जोडी चालते. तशा पाच, म्हणून ५/२५, म्हणजे १/५. गुणाकारही नको खरं तर: काका कोणीही निघोत, त्यांच्या काकू पाचांतल्या एक.

दहाही चिठ्ठ्या एकाच डब्यात असतील तर उत्तर १/९. डबा एक की दोन, हे वाचायचंच राहतं.

खरी घसरगुंडी पुढे आहे. दोन काका आणि दोन काकू काढल्या, तर निदान एक जोडी जुळण्याची संभाव्यता किती? इथे चार जुळण्या शक्य, प्रत्येकीची १/५, म्हणून ४/५, असं एकीने मांडलं. ०.८ हा आकडा खोटा नाही, पण ती जुळणाऱ्या जोड्यांची सरासरी आहे. दोन्ही जोड्या जुळल्या तर तो प्रसंग बेरजेत दोनदा मोजला जातो. अशा वेळी उलटं मोजावं. पाचांतून दोन काकू १० प्रकारे निघतात. निवडलेल्या दोन काकांच्या काकू वगळून उरलेल्या तिघींतून ३ प्रकारे. एकही न जुळण्याची संभाव्यता ३/१०, म्हणून निदान एक जुळण्याची ७/१०. पडताळा घ्या: नेमकी एक जुळण्याचे ६ प्रकार, दोन्हींचा १, सरासरी ०.६ अधिक ०.२, म्हणजे तीच ०.८.

दोन्ही डबे रिकामे होईपर्यंत जोड्या लावत गेलो तर? पाचही जुळण्याची संभाव्यता १/५ गुणिले १/४ गुणिले १/३ गुणिले १/२, म्हणजे १/१२०. १/५ पाचदा गुणणं चूक, कारण काढलेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही. ‘नेमक्या चार जुळण्याची?’ असा प्रश्न मी मुद्दाम टाकतो. शून्य! चार जुळल्या की पाचवी आपोआप जुळते. जोड्या लावण्याच्या एकूण १२० रचनांपैकी एकही न जुळण्याच्या ४४, म्हणून निदान एक जुळण्याची संभाव्यता ७६/१२०, सुमारे ०.६३३. जोडपी पन्नास केली तरी आकडा ०.६३२ च्या आसपासच राहतो, हे मुलांना पटता पटत नाही. फ्रान्सच्या माँमोर या गणितज्ञाने १७०८ मध्ये पत्त्यांच्या खेळावरून हाच प्रश्न मांडला होता. या आकड्यांवर भरवसा नसेल तर तीन जोडपी घेऊन सहाही रचना कागदावर लिहा: दोन रचनांत एकही नाही, तीनमध्ये एक, एकीत तिन्ही.

यंदा एका काकूंची चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटून राहिली. ते आरतीनंतर कळलं. ‘मग डब्यात चारच होत्या, म्हणजे १/४!’ असा गलका झाला. पण चिकटलेली चिठ्ठी निघालेल्या काकांच्याच काकूंची असण्याची संभाव्यता १/५. ती नसण्याची ४/५, आणि त्यानंतर चारांतून योग्य निघण्याची १/४. गुणाकार पुन्हा १/५.